तलावाकाठी अर्धा तास गप्प

सोमवार

पोचलो एकदाचे. बसने कंबरडं मोडलं. निवृत्त झाला की माणूस आराम करतो असं ऐकून होतो. मला तर नोकरीत होतो तेव्हापेक्षा जास्त थकायला होतं. आत्ता जोडे काढणंसुद्धा जिवावर आलंय.

हे सगळं भाच्यामुळे. त्याने नवा धंदा काढलाय. घरच्या गर्दीला कंटाळलेल्या जोडप्यांना चार दिवस राहायला निवांत जागा शोधून द्यायची. या तलावाभोवती अशा जागा पुष्कळ आहेत म्हणे, पण कुठली खरोखर शांत आणि कुठली नुसती जाहिरातीत शांत, हे जाऊन बघणारं माणूस हवं. "मामा, शांततेचा तुमच्यासारखा दर्दी मला दुसरा ठाऊक नाही," म्हणाला. मस्का होता, कळलं मला. तरी बरं वाटलं. काय काय बघितलं ते रोज लिहून ठेवा असंही म्हणाला. कामाचं तेवढं त्याला कळवीन, बाकीचं माझं मला.

दर्दी तर मी असणारच. जन्म गेला वर्तमानपत्राच्या छापखान्यात, तोही रात्रपाळीत. यंत्र सुरू झालं की शेजारच्याशी हातवारे करून बोलायचं. पहाटे घरी यायचं आणि दिवसा झोपायचं. त्या झोपेसाठी मी घराला एक शिस्त लावली होती. भिंतीवर दोनदा टकटक केली की सगळे चिडीचूप. पोरांवर कधी हात उगारावा लागला नाही. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे लहान मुलं आहेत असं वाटतच नाही. लेक अजून फोनवर इतकं हळू बोलते की अर्धं ऐकूच येत नाही. याला म्हणतात वळण.

हिला बरोबर आणलंय. जोडप्याची जागा एकट्याने कशी पारखणार? गाद्या, चादरी आणि न्हाणीघर हिच्याकडे, आवाज माझ्याकडे. माझी पद्धत अशी, की खोलीत शिरल्यावर दार-खिडक्या लावून दोघांनी अर्धा तास अजिबात न बोलता बसायचं. मी डोळे मिटतो आणि कानावर काय काय पडतं ते बघतो.

आजचं हॉटेल नापास. पाण्याच्या पंपाची घरघर थेट उशीत येते.

अर्धा तास झाल्यावर हिने विचारलं, "आता बोलू का?" म्हटलं, बोल, काय? तर म्हणाली, "काही नाही." बायकांचं काही कळत नाही.

मंगळवार

सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "ताईचा फोन आला होता. तिकडेच ये राहायला म्हणते. वरची खोली रिकामी झालीय. रविवारपर्यंत कळवलं नाही तर भाडेकरू ठेवणार आहे."

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. मी तिला मनातल्या मनात भोंगा म्हणतो. नवरा गेल्यापासून घरात शिवणाचा क्लास चालवते. दहा-बारा मुली, दोन सुना, नातवंडं आणि शिवणयंत्रं, सगळी एकदम बोलतात. हिचं माहेरच तसं. लग्नाआधी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला वाटलं, यांच्यात भांडण जुंपलंय. ती माणसं एकमेकांकडे नुसतं मीठ मागत होती.

मी म्हटलं, "जा की. मी नको कुठे म्हणतोय? हे काम उरकलं की चार दिवस जाऊन ये."

ही चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती. शेवटी मीच तिच्या हातातला चमचा काढून घेतला, कान किटले होते.

आजची जागा पूर्वेच्या काठावर. एका विधवा बाईंच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या. भिंती हातभर जाड, खिडकीतून पाणी दिसतं. बाई मात्र बोलक्या. मी अर्ध्या तासासाठी बसलो आणि ही "न्हाणीघर बघून येते" म्हणून गेली ती स्वयंपाकघरातच अडकली. थोड्या वेळाने हसण्याचा आवाज आला. आधी बाईंचा, मग आणखी एकीचा, चांगला मोठा, खदखदून. मी म्हटलं ही तिसरी कोण? मग कळलं, आमचीच ही.

सवयीने भिंतीवर दोनदा टकटक केली. हसणं कापल्यासारखं थांबलं आणि दुसऱ्या मिनिटाला ही येऊन समोरच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांनंतरही एका हाकेत! मागोमाग त्या बाई दारापर्यंत आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. आतिथ्य कसलं ते नाही.

खोल्या तशा बऱ्या आहेत. मालकीण बोलकी असल्यामुळे गुण कापले.

बुधवार

दिवसभर पाऊस. गुडघे ठणकतायत. कुठेच गेलो नाही.

ही मात्र छत्री घेऊन धक्क्यावर नावा बघायला गेली. या पावसात कसल्या नावा? दोन तासांनी आली ती गाल लाल करून. तिथल्या लॉजच्या बायकांनी आत बोलावलं, चहा दिला म्हणे. खूप काही सांगायला लागली, कोण कुणाची कोण आणि कुणाचा नवरा कुठे. माझे डोळे मिटत होते. जागा झालो तेव्हा ही खिडकीपाशी गप्प बसली होती. सर्दी होणार हिला.

गुरुवार

सापडली! अशी जागा मी जन्मात पाहिली नव्हती.

तलावाच्या मधोमध एक बेट आहे. नावेतून जावं लागतं. त्यावर दोनच घरं. एकात मालक राहतो, तो कानाने अधू आणि स्वभावाने घुमा. दुसरं भाड्याचं. रस्ता नाही, दुकान नाही, कुत्रं नाही. अर्धा तास बसलो आणि फक्त पाण्याचं चुळूकचुळूक. तेही नंतर थांबलं. डोळे उघडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला लिहू? यंत्राच्या त्या घणघणाटातून मी आत्ता कुठे बाहेर आलो असं वाटलं.

भाच्याची जोडपी गेली खड्ड्यात. ही जागा आपल्याला. मालकाला विचारलं, वर्षभरासाठी देता का? त्याने मान हलवली. आपली शहरातली जागा भाड्याने द्यायची आणि इथे यायचं. अंगात त्राण उरलंय तोवर असं राहून घ्यावं.

हिला सगळं सांगितलं. ही पायरीवर बसून होती. काहीच म्हणाली नाही. मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मी लगेच जाऊन मालकाला शब्द दिला आणि आजपासूनच इथे मुक्काम ठोकला.

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, ताईला काय कळवू?"

"जाऊन येते म्हणून कळव. चार दिवस."

"चार दिवस नाही हो," म्हणाली, आणि पुढे काहीतरी सांगणार होती. तेवढ्यात मला लांबून मोटारबोटीसारखा आवाज आला. मी बोट वर केलं. ती थांबली. नीट ऐकलं तर काहीच नव्हतं, भास झाला असावा. "हं, काय म्हणत होतीस?" तर म्हणाली, "राहू दे."

शुक्रवार

निवांत दिवस. आज ही दिवसभरात दहा शब्दसुद्धा बोलली नसेल. जागेचा परिणाम. मला वाटत होतं हिला रुळायला वेळ लागेल, पण ही तर माझ्यापेक्षा लवकर रुळली.

दुपारी हिने सगळं सामान काढून पुन्हा लावलं. येताना दोघांचे कपडे एकत्र होते. आता माझे सगळे एका बॅगेत, हिचे दुसरीत. माझ्या गोळ्या, चष्म्याची डबी, मफलर, सगळं मला हाताशी सापडेल असं ठेवलंय आणि कुठे काय आहे ते दोनदा दाखवलं. मोठी व्यवस्थित बाई आहे. आमच्या छापखान्यात असा एक जरी माणूस असता तरी माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

जेवताना माझ्याकडे बघत होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, "बारीक झालात." मी म्हटलं, वय झालं.

शनिवार

सकाळच्या नावेने ही बाजारात गेली. साबण आणायचाय म्हणाली. स्वतःची बॅगही घेतली. साबणाला एवढी बॅग कशाला, हे मला नाव दिसेनाशी झाल्यावर सुचलं. म्हटलं, किराणा भरणार असेल.

दुपारी मालकाकडच्या फोनवर भाच्याशी बोललो. बेटाचं वर्णन करून सांगितलं. पाखरूसुद्धा बोलत नाही म्हटलं.

तो म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण भिंती कशा आहेत? आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं का?"

"बोलणं? बोलायचंय कुणाला?"

तो हसला. "मामा, ही माणसं बोलायलाच तर जातात. दोन खोल्यांत आठ जण राहतात. नवरा-बायकोला एकमेकांशी भांडायचं असलं तरी जिन्यात जावं लागतं. गप्प तर ती घरीच बसतात ना. त्यासाठी मला पैसे कोण देईल?" मग म्हणाला, "बरं, मामीला कशी वाटली जागा?"

"पसंत आहे."

"काय म्हणाली?"

मी आठवायला लागलो. गुरुवारी आलो तेव्हापासून ती या जागेबद्दल काय म्हणाली? बराच वेळ झाला तरी एक शब्द आठवेना. भाचा "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन ठेवला.

चारच्या सुमारास नाव परत आली. तीत नावाडी एकटाच. मला म्हणाला, "काका, बाई धक्क्यावरच्या लॉजमध्ये उतरल्यात. उद्या दुपारच्या बसने बहिणीकडे जाणार, म्हणाल्या. कायमच्या, असं सांग म्हणाल्या. तुमच्या गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत."

त्याला सगळा निरोप दोनदा म्हणायला लावला. कायमच्या. त्यात कुठे चुकण्यासारखं काही नव्हतं. त्याला लगेच परत फिरवावं असं वाटलं, पण तो म्हणाला, वारा उलटा आहे, आता सकाळीच.

काय करावं कळेना, म्हणून खोलीत जाऊन दार-खिडक्या लावल्या आणि सवयीने डोळे मिटून बसलो. काहीही ऐकू आलं नाही. म्हणजे आजवर ज्याला मी काहीही ऐकू न येणं म्हणत होतो त्यात पुष्कळ काही होतं. शेजारी ही कूस बदलायची, चपला जपून काढायची, घशात आलेला खोकला दाबायची. ते सगळं आज नव्हतं. अर्धा तास झाला असेल म्हणून घड्याळ बघितलं तर जेमतेम पाच मिनिटं. मला भीती वाटली. वयाची साठी उलटलेला माणूस मी, दिवसाउजेडी, चांगल्या पक्क्या घरात, आणि घाबरलो.

रविवार

पहिल्या नावेने आलो.

लॉज म्हणजे शुद्ध छळ आहे. खाली बाजार, एका बाजूला पत्रे ठोकणारा, दुसऱ्या बाजूला बोटींचा धक्का. दर थोड्या वेळाने बोटीचा भोंगा वाजतो आणि खिडकीची तावदानं थरथरतात. भाच्याने अशा जागेत मला पाठवलं असतं तर मी दारातूनच परत फिरलो असतो.

ही खाली जेवणघरात चार बायकांत बसली होती. मला पाठमोरी. हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि त्या तोंडाला पदर लावून... नाही, तोंड उघडून, टेबलावर हात आपटून हसत होत्या. मी दारात उभा राहून ऐकलं. हिला इतकं चांगलं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. गोष्ट माझीच होती. मंगळवारी मी चमचा काढून घेतला ती. मला राग यायला हवा होता, पण मीच हसलो. मग सगळ्यांनी वळून पाहिलं आणि त्या चौघी एकेक करून उठून गेल्या.

"चहा घेणार?" हिने विचारलं.

"हे काय चालवलंयस तू?"

"बसा आधी."

मी बसलो. पत्रेवाल्याची ठोकाठोकी चालू होती, त्यामुळे तिला आवाज चढवून बोलावं लागत होतं. मला वाटतं लग्नानंतर तिचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"भांडी मी टॉवेलवर पालथी घालायचे," म्हणाली. "ठाऊक आहे तुम्हाला? सिंकमध्ये आवाज होतो म्हणून. आपली पोर जिन्यात पडली, ओठ फाटला, तर तोंडावर हात धरून रडली. बाबा झोपलेत म्हणून. पाच वर्षांची होती ती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही झोपला होतात."

"कामावरून मेटाकुटीला येऊन यायचो गं मी."

"हो ना. म्हणून तर केलं. त्याचा राग नाही मला. भात-भाजी तुमच्या त्या यंत्रावरच शिजत होती. म्हटलं, हे निवृत्त झाले की झालं. मग बोलू. दिवस मोजत होते मी. तर घरात होती तेवढी शांतता तुम्हाला पुरेना म्हणून आणखी शोधायला निघालात. आणि वर ते बेट."

"मग नको म्हणायचं होतंस. मी काय वाघ आहे?"

"कधी म्हणू? त्या अर्ध्या तासात?"

यावर दोघांनाही हसू आलं. पण तिचं लगेच थांबलं.

"मी भांडून चालले नाही," म्हणाली. "दमलेय."

"मीही दमलोय."

"माहितेय. पण तुम्ही झोपून तरी घेतलंत. मी पहाऱ्यावर होते."

मी म्हटलं, जाऊ नकोस. बेटाचा शब्द मागे घेतो, भाच्याचं काम सोडतो, घरी जाऊ. आता तू बोल, मी ऐकतो.

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "मीच का बोलू? तुम्ही बोला ना. माझ्याशी बोला काहीतरी. काहीही."

मी तोंड उघडलं. काय बोलू? जागा, आवाज, गुडघे, गोळ्या. शोधशोध शोधलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही असेल की नाही? समोर चहा निवत होता. मला एक वाक्य सुचलं नाही. तिने वाट पाहिली, अगदी शांतपणे पाहिली, मग माझ्या हातावर थोपटलं आणि बॅग उचलली.

बस निघताना म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

खिडकीतून ओरडली, "तुम्ही करा. नेहमी मीच का?"

गुरुवार

घरी आलो त्याला दोन दिवस झाले. मालकाला बेटाचं नाही म्हणून कळवलं, तो त्यालाही नुसतं "हं" म्हणाला. भाच्याला त्या विधवा बाईंच्या खोल्या सुचवल्या. जाड भिंती, आत कितीही बोला, बाहेर जात नाही. कापलेले गुण परत दिले.

घरात मी एकटा. दूधवाला, पेपरवाला, नळ. सगळं शांत. जेवण उभ्यानेच करतो.

फोन काल केला. आधी दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला होता. तिकडे भोंग्यानेच उचलला. "कोण? आमचे मेव्हणे? सूर्य कुठून उगवला?" आणि तोंड बाजूला न करताच हिच्या नावाने हाक मारली. माझ्या कानठळ्या बसल्या. मागे शिवणयंत्रांची खडखड, पोरांचा दंगा, कुणीतरी कुणाला कात्री मागतंय.

ही आली. "हं, बोला."

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"अंडं उकडलं होतं. कवच नीट निघालं नाही."

"गार पाण्यात टाकायचं आधी." मग म्हणाली, "अजून?"

अजून काही नव्हतं. घाम फुटला. मग एकदम छापखान्यातला पहिला दिवस आठवला, तो सांगायला लागलो. यंत्र सुरू झालं आणि मी घाबरून कागदाच्या रिळामागे लपलो होतो, आणि मुकादमाने मला कान धरून बाहेर काढलं होतं. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तिकडच्या गोंगाटात तिला ऐकू जाईना, "मोठ्याने बोला, मोठ्याने," म्हणाली. मी मोठ्याने बोललो. कान धरल्याचं ऐकून ती हसली, आणि ते तिने तिथल्या तिथे सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग तिकडे सगळेच हसले.

"घरी कधी येतेस?" मी विचारून टाकलं.

"ते मला अजून माहीत नाही," म्हणाली. "उद्या याच वेळेला करा फोन. आता पानं मांडलीत."

रात्री घसा दुखत होता. आज दुपारी गुडघे ठणकत असतानाही जिना उतरून बाजारात जाऊन आलो. घ्यायचं काहीच नव्हतं. तिला सांगण्यासारखं काही दिसतंय का, ते बघत तासभर हिंडलो.